सारसाची बांधी

लांब लेन्स हातात आली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी किती हलतो.

शाळेपासूनच माझा उजवा पाय बाकाखाली थरथरत असायचा. गुरुजी जाता जाता खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, शिलाई मशीन बंद कर. कॉलेजात, परीक्षेत, नोकरीच्या मुलाखतीत, सगळीकडे तो पाय आपलं काम करत राहिला. त्याचा कोणाला त्रास नव्हता, म्हणून मीही कधी लक्ष दिलं नाही. पण साहेबांच्या चारशे मिलिमीटरच्या लेन्समधून मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तलावापलीकडचा बगळा एका जागी उभा होता आणि तरी थरथरत होता. मी म्हणालो, साहेब, त्याला थंडी वाजते आहे. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला, आणि बगळा थांबला.

साहेब म्हणजे जवाहरनगरच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात मी ज्या प्रयोगशाळेत काम करत होतो तिथले माझे वरिष्ठ. दक्षिणेकडचे, बुटके, हिंदी जपून बोलणारे. कारखान्याच्या हद्दीत कॅमेरा काढायचा नाही हा नियम सगळ्यांना पाठ होता. त्यामुळे त्यांचा कॅमेरा आठवडाभर कपाटात असे आणि रविवारी भंडाऱ्याच्या पुढे कुठल्यातरी तलावावर बाहेर निघे. मी सोबत स्टँड उचलायला जायचो. स्टँड उचलता उचलता फोकस शिकलो, उजेड मोजायला शिकलो, श्वास अर्धा सोडून बटण दाबायला शिकलो. पाय स्थिर ठेवायला मात्र शिकलो नाही. सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागलं होतं, माझी नोकरी नवी होती, आणि त्या दिवाळीनंतर साहेब निवृत्त होऊन आपल्या गावी जाणार होते.

न मागता ज्यांनी मला काही दिलं त्यांत साहेबांचा नंबर दुसरा लागतो. पहिला माझ्या बाईचा. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. वडील छप्पन्न साली नागपूरला जाऊन आले आणि तेव्हापासून घरात एकच गोष्ट बोलू लागले, पोरगा शिकवायचा. पोरगा शिकवायचा म्हणजे कोणीतरी त्याच्या वाटचं राबायचं. बाई चौथीनंतर शाळेतून निघाली आणि रोवणीला जाऊ लागली. पावसात वाकून धानाचे रोप चिखलात खोवत जायचं, मागे मागे सरकत. मी भंडाऱ्यात बी.एस्सी. करत होतो तेव्हा सुट्टीत घरी गेलो की तिच्या पायांची बोटं चिखलाने खाल्लेली दिसायची. ती पाय साडीखाली घ्यायची आणि विचारायची, तिकडे जेवन बरोबर भेटते का तुले? याशिवाय तिने मला कधी काही विचारलं नाही, आणि मागितलं तर नाहीच.

तिचं लग्न दिघोरीला झालं. भाऊजींच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबून तलावाखाली दोन बांध्या केल्या होत्या. बांध घालून पाणी अडवलेल्या धानाच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. भाऊजींच्या दोन्ही बांध्या खालच्या. वरची बांधी गावातल्या एका वयस्कर शेतकऱ्याची, त्यांना सगळे बुवा म्हणत. बुवांनी आपल्या बांधाचं तोंड उघडं ठेवलं तर भाऊजींचं धान, नाहीतर नाही.

त्या पावसाळ्यात राखीला गेलो होतो. वाढता वाढता बाई म्हणाली, "आपल्या बांधीत सारस बसलं हाय, भाऊ."

बसलं म्हणजे अंड्यांवर बसलं. सारस हा जवळजवळ माणसाच्या उंचीचा करड्या रंगाचा पक्षी, डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल. नर-मादी जोडीने राहतात आणि उभ्या धानाच्या पाण्यात, गवत आणि उपटलेलं धान यांचा मोठा ढीग रचून त्यावर अंडी घालतात. भाऊजींनी कपाळाला हात लावून सांगितलं की धान आमचं, बंगला त्याहिचा. पण सांगताना त्यांना थोडा अभिमानही वाटत होता, कारण ही जोडी दरवर्षी गावातल्या सगळ्या बांध्या सोडून त्यांच्याकडेच यायची.

"दोन आंडे हायेत म्हणते," बाई म्हणाली. "म्या काई पाहिले नाई. जवळ गेलं का पंख पसरून अंगावर येते. लगन होऊन आली तवापासून थे जोडी पाहून राहिली, पण आंडं काई दिसलं नाई मले."

हे ती भाताचं घमेलं सरकवत सहज म्हणाली. मी म्हणालो, "मी दाखवतो तुले. तलावाच्या पाळीवरून."

"पाळीवरून त मले मानूस वळखू येत नाई," बाई हसली.

जवाहरनगरला परतल्यावर साहेबांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले. सारसाचं घरटं त्यांना इतक्या वर्षांत मिळालं नव्हतं आणि आता गुडघे चिखलात जाऊ देत नव्हते. त्यांनी लेन्स टॉवेलात गुंडाळली, कॅमेरा आणि स्टँड माझ्यासमोर ठेवला आणि दिवाळीपर्यंत ठेव म्हणाले. दोन वाक्यांच्या वर ते बोलले नाहीत. मी खोलीवर गेलो तेव्हा तो टॉवेल कुलूप लावायच्या पेटीत ठेवला, मग पेटी खाटेखालून काढून उशाशी ठेवली.

रविवारी पहाटे भंडाऱ्याहून लाखांदूरकडे जाणाऱ्या एसटीत ती लेन्स मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने तिकीट फाडताना टॉवेलाला बोट लावलं आणि विचारलं, "कारखान्यातून तोफ आनली का जी?" अख्खी गाडी मागे वळली. मीही हसलो.

तलावाची पाळ म्हणजे मातीचा लांब उंच बांध, त्यावर पळस आणि मोहाची झाडं. तिथून खालच्या बांध्या एकीखाली एक उतरत गेलेल्या दिसतात. मी एका मोहाजवळ स्टँड रोवला, तो हलू नये म्हणून खाली रेतीची पिशवी बांधली, वरून काळी छत्री लावली आणि घरट्यावर फोकस धरला. सारस धानात बसलेला, वर फक्त मान आणि लाल डोकं. आजूबाजूचं धान त्यांनीच उपटलेलं असल्यामुळे घरट्याचा एक काठ उघडा दिसत होता. पक्षी उठला तर अंडी दिसणार होती. तो उठेना.

थांबणं हा या छंदाचा नव्वद टक्के भाग आहे, साहेब म्हणायचे. मला ते जमत नव्हतं. मी घड्याळ पाहायचो. लेन्सवर वाफ धरली का पाहायचो, पुसायचो, पुसल्यामुळे फोकस सरकला का पाहायचो. मुंग्या चढल्या म्हणून उठलो, उठलो म्हणून जागा बदलली, जागा बदलली तर मध्ये झाडाची फांदी आली. ढगामुळे उजेड इतका कमी की बटण दाबल्यावर झडप सावकाश उघडून सावकाश मिटायची, आणि तेवढ्या वेळात माझी छाती एकदा तरी धडधडायची. लांब लेन्स पक्ष्याला जवळ आणते, पण त्याच्याबरोबर आपली थरथरही तेवढ्याच पटीने मोठी करून दाखवते. दुपारी दुसरा सारस चालत आला, बसलेला उठला, आणि दोघांनी माना वर करून अशी हाळी दिली की सगळ्या बांध्या दुमदुमल्या. मी दचकलो. दचकतच बटण दाबलं.

मागे चार-पाच माणसं येऊन उभी होती. मी त्यांना शाळेत शिकवल्यासारखं सगळं समजावून सांगितलं, हा पक्षी कोणता, तो काय खातो, त्याचा फोटो का काढायचा. ती ऐकत होती, पण पाहत होती स्टँडच्या तीन पायांकडे. बाई त्या दिवशी दुसऱ्यांच्या निंदणीला गेली होती. ती परतली तेव्हा अंधारून आलं होतं आणि मला गाडी गाठायची होती. पुढल्या खेपेला दाखवतो, मी म्हणालो.

पुढल्या रविवारी गेलो तेव्हा आठ दिवस पाऊस नव्हता. भाऊजी नेहमीसारखे रस्त्यावर घ्यायला आले नाहीत. जेवण घाईने उरकलं. हात धुतल्यावर ओट्यावर बसले आणि म्हणाले, "साळेबाबू, खरं सांगा. मोजनी करून राहिले का तुमी?"

मला हसू आलं. ते हसत नाहीत हे पाहून मी थांबलो.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या भागात नहराचं, म्हणजे कालव्याचं काम कुठे ना कुठे चालूच असायचं. दोन वर्षांपूर्वी गावाच्या पलीकडच्या अंगाला अशीच माणसं आली होती. तीन पायांचा स्टँड, त्यावर नळी, नळीवर ऊन लागू नये म्हणून छत्री. ती दिवसभर एका डोळ्याने पाहत बसायची, कोणाशी बोलायची नाहीत, बोलली तरी लोकांना समजायचं नाही. मग बांबूंना लाल झेंड्या लागल्या आणि धान निघाल्यावर तिथून खोदत गेले. नहर सगळ्यांनाच हवा होता. फक्त तो आपल्या बांधीतून जाऊ नये एवढंच प्रत्येकाचं म्हणणं होतं. आणि आता बुवा गावभर सांगत होते की खालच्या बांधीवाल्याचा साळा सरकारी माणूस आहे, तो आपल्या बहिणीची बांधी वाचवून रेघ वर सरकवतो आहे, बुवांच्या बांधीतून. बोलण्यावर ते थांबले नव्हते. त्यांनी आपल्या बांधाचं तोंड मातीने बंद केलं होतं. भाऊजींच्या बांधीत पाणी घोट्याच्या खाली आलं होतं.

मी उठून बुवांच्या घरी गेलो. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, नीट समजावून सांगितलं की झालं. बुवांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, मला साहेब म्हणाले. मी सांगितलं की मी प्रयोगशाळेत काम करतो, माझा नहराशी काही संबंध नाही. बुवांनी सगळं ऐकून घेतलं. "कारखाना सरकारचा, नहर बी सरकारचा," ते म्हणाले. मी आणखी समजावलं. जितकं शुद्ध आणि व्यवस्थित बोलू लागलो तितका त्यांचा चेहरा बंद होत गेला. शेवटी त्यांनी हात जोडले. "तुमी शिकलेले लोक हा. आमाले समजन तेवढंच सांगा जी. माही बांधी किती जाईन?"

चहा तसाच ठेवून परत आलो. भाऊजी ओट्यावरच होते. त्यांनी बुवांची दुसरी गोष्टही सांगितली, जी सांगायला ते इतका वेळ कचरत होते. बुवांनी चार लोकांसमोर त्यांना म्हटलं होतं, "पाखरासाठी येते म्हनते ना तुहा साळा? मंग पाखरू उठवून पाह्य. पाखरू गेल्यावर बी दुरबीन घेऊन आला, त समजून जाय."

तसंही त्या बांधीतली निंदणी राहिली होती. गवत वर आलं होतं. बायांची रांग बांधीत उतरली की घरट्याला वळसा घालून जाणार नव्हती.

"म्या इतले दिवस पुढं ढकलली," भाऊजी म्हणाले. "उद्याचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी लावतो बाया."

मी म्हणालो, मग मी येतच नाही. कॅमेरा साहेबांना परत देतो.

बाई आतून भांडी घासता घासता ऐकत होती. ती दारात आली. "तू नाई आला त म्हनतीन मोजनी झाली, आता कायले येईन. आला तरी मोजनी, नाई आला तरी मोजनी."

भाऊजी अंगठ्याने ओट्याची माती उकरत होते. "मले पाखराशी वैर नाई," ते म्हणाले. "मले पानी पाह्यजे."

त्या दिवशी मी पेटी उघडलीच नाही. पाळीवर गेलो, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. धानात एक लाल ठिपका होता, तो हलत नव्हता. माझं मात्र इकडून तिकडे, तिकडून इकडे चाललं होतं. पाणी आणखी उतरलं तर कुत्रं घरट्यापर्यंत कोरड्या पायाने जाईल, हे मला तिथे उभं राहून सुचलं आणि मग डोक्यातून गेलं नाही.

तो आठवडा कसा काढला ते सांगता येणार नाही. प्रयोगशाळेत एक काचेची नळी फोडली. भंडाऱ्याच्या स्टुडिओत पहिल्या रविवारचे फोटो धुवायला टाकले होते, ते आणायला गेलो. स्टुडिओवाल्याने कॉपी उजेडाकडे धरून विचारलं, दोन चोचींचं पाखरू कुठे भेटलं तुम्हाला? प्रत्येक फोटोत सारसाला दोन चोची होत्या, दोन माना होत्या. अंडी कुठेच नव्हती. परतताना फॅक्टरीच्या बसमध्ये मी प्रत्येक थांब्यावर आकाशाकडे पाहत होतो. आकाश स्वच्छ होतं.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांना गावचं हे राजकारण कितपत समजलं कोण जाणे. त्यांनी दोन चोचींचे फोटो एकेक करून पाहिले आणि विचारलं, बहिणीने अंडी पाहिली का? मी नाही म्हणालो.

"तो पहले वो दिखाओ," ते म्हणाले आणि फोटो परत दिले.

रविवारी गेलो तो एवढ्याचसाठी. सोमवारी घरटं जाणारच असेल तर त्याच्या आदल्या दिवशी बाईने ते पाहिलेलं असावं. भाऊजींना तसं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, ना होकार ना नकार. त्या दिवशी बाई निंदणीला गेली नाही, पण घरच्या दुसऱ्या बांधीत दुपारपर्यंत होती. ऊन कलल्यावर चिखलाच्या हातांनीच पाळीवर आली. मी स्टँड रोवून फोकस लावून ठेवला होता. मागे नेहमीची माणसं जमली होती, थोडी लांब. बुवाही होते, मोहाला टेकून, जणू मोह पाहायला आले आहेत.

बाईने हात साडीला पुसले आणि वाकली. तिला एक डोळा मिटता येईना. एक मिटला की दुसराही मिटायचा. मी म्हणालो हाताने झाक. तिने तळव्याने डावा डोळा झाकला, कपाळाला चिखल लागला.

"सब्बन हिरवं हाय," ती म्हणाली.

मी तिचं बोट कड्यावर ठेवलं आणि फिरवून दाखवलं. ती फिरवत गेली. मग एकदम थांबली. तिचं सगळं अंग थांबलं. माझं जे कधीच थांबत नाही ते तिचं तिथल्या तिथे थांबलं.

"अगा माय," ती हळूच म्हणाली. "थे मले पाहून राहिलं."

बराच वेळ गेला. मी विचारलं, उठलं का? ती डोळा न काढता पाहत राहिली. मग म्हणाली, "उठलं. दोन हायेत. चोचीनं उलटवून राहिलं गा थे आंडे. आपुन पोयाच्या सणाले कढईत वडा उलटवतो तसं. हळू. एक उलटवलं. आता दुसरं."

कोणीतरी मागून म्हणालं, काय दिसते वो? बाई जागा सोडेना. भाऊजी म्हणाले, सरक ना, लोक पाहून राहिले. ती तळवा डोळ्यावर तसाच ठेवून म्हणाली, "पाहू द्या. म्या आजच त पाहून राहिली." लोक हसले. ते हसले म्हणून जवळ आले. मग ती अचानक उठली आणि मोहाकडे वळून म्हणाली, "बुवा, या ना जी. तुमी बी पाहा."

बुवा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मले पाहू देते?"

"काहून नाई देनार?"

"मागं थ्या मोजनीवाल्याहिनं कोनालेच पाहू देल्लं नाई," बुवा म्हणाले. "हात लावू नका म्हने."

मी बाजूला झालो. बुवा आले, टोपी काढून हातात घेतली आणि वाकले. त्यांना सारस दिसला असावा, पण त्यांनी त्याच्याबद्दल एक शब्द काढला नाही. विचारलं, ही नळी वरच्या अंगाला फिरते का? मी स्टँडचा खटका सैल करून दिला. बुवांनी स्वतःच्या हाताने ती लेन्स आपल्या बांधीकडे वळवली आणि आपला एकेक धुरा, म्हणजे बांधीचा काठ, या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. लाल झेंडी कुठे आहे का ते पाहत होते. मधेच थांबून म्हणाले, "थे तुटलेलं मडकं बी दिसते माह्या धुऱ्यावरचं."

त्यानंतर पाळीवर रांग लागली. जो येई तो पहिल्यांदा आपली बांधी शोधी. कोणाला आपला बैल दिसला, कोणाला आपली बायको गवताचा भारा घेऊन येताना दिसली आणि त्याने तिला इथूनच हाक मारली. एकाने बराच वेळ पाहून जाहीर केलं की याच्यात मापाचे आकडे नाहीत, मागच्या दुरबिणीत आडव्या-उभ्या रेघा होत्या असं त्याने ऐकलं होतं. आपापली बांधी पाहून झाली की मग माणसं सारसाकडे वळत. सगळ्यांचे हात चिखलाचे. साहेबांची लेन्स मी आजवर मऊ फडक्यानेच पुसत आलो होतो. ती आता कोणाच्याही हाताने फिरत होती, आणि माझा पाय असा काही थरथरत होता की मला झाडाला धरून उभं राहावं लागलं.

भाऊजी सगळ्यांच्या शेवटी आले. सूर्य पाळीच्या मागे गेला होता. ते खूप वेळ वाकून राहिले. बाई त्यांच्या बाजूला उभी होती, कपाळावरचा चिखल वाळला होता.

"माहे धान चांगले दिसून राहिले," भाऊजी म्हणाले.

बुवा अजून गेले नव्हते. ते टोपी घालत होते. कोणाकडे न पाहता म्हणाले, "पानी कमी हाय पन." एवढं बोलून पाळीवरून उतरले. आम्ही घरी चाललो तेव्हा बांधाच्या तोंडापाशी ते पायानेच माती सारत होते आणि पाणी खाली पडल्याचा आवाज येत होता.

सोमवारी बाया लागल्या. बाईने पुढे मला सांगितलं की भाऊजी घरट्यापासून लांब एका ठिकाणी बांबू रोवून आले आणि बायांना म्हणाले, याच्या पलीकडे जायचं नाही. बांबू उभा केल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की हे झेंडीसारखं दिसतं. म्हणून त्यांनी त्याच्यावर आपली फाटकी बंडी टांगली. तेवढ्या तुकड्यात गवत माजलं आणि धान आलं नाही.

रविवारच्या त्या संध्याकाळी मी एकही फोटो काढला नव्हता. उजेड होता तोवर लेन्स लोकांच्या हातात होती. पुढच्या रविवारी पाऊस असा कोसळला की चुलबंद नदीला पूर येऊन गाडी बंद झाली. मी भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर दुपारपर्यंत येरझारा घालत राहिलो. चौकशीच्या खिडकीतला माणूस शेवटी म्हणाला, बाबूजी, तुमच्या चालण्यानं पूर नाई उतरत. पुरात घरटं बुडालं असेल, असं वाटत होतं. कळायला मार्ग नव्हता.

त्याच्या पुढच्या रविवारी पोचलो तर बाई रस्त्यावरच उभी होती. मला सरळ पाळीवर घेऊन गेली. घरटं होतं, रिकामं होतं. पाणी त्याच्या काठाशी येऊन थांबलेलं दिसत होतं. जोडी तिथून बरीच पुढे, दुसऱ्या बांधीत, उंच झालेल्या धानात उभी होती. बाई म्हणाली दोन दिवसांआधी निघालं पिल्लू. एकच निघालं. दुसऱ्या अंड्याचं काय झालं ते तिला माहीत नव्हतं. तिने पिल्लू एकदाच पाहिलं होतं, मोकळ्या पाण्यात, कोंबडीच्या पिलाएवढं, भुरं.

मी घाईने स्टँड लावला. धान इतकं वाढलं होतं की त्यात पिल्लू दिसणं शक्य नव्हतं. मी अख्खा रोल संपवला. बाईने मध्येच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, साहेबांनी ठेवला होता तसा. तिला साहेबांचं काही माहीत नव्हतं. तिचा हात चांगला जड होता.

दिवाळीच्या आधी लेन्स परत केली तेव्हा साहेबांनी ती उघडून कड्याच्या खाचांमध्ये नख घातलं. वाळलेली माती निघाली. मी पुष्कळ पुसली होती, खाचांतली राहिली होती. मी सांगू लागलो, त्यांनी पुसण्याचं फडकं खिशात ठेवून दिलं आणि म्हणाले, रहने दो.

त्या शेवटच्या रोलमधला एक फोटो न हललेला निघाला. तो मी मोठा करून घेतला, आजही माझ्या घरात आहे. त्यात धानावर दोन लांब माना दिसतात, दोन्ही एकाच जागेकडे वाकलेल्या. ज्या जागेकडे त्या वाकल्या आहेत तिथे नुसतं धान आहे. घरी आलेला माणूस फोटो पाहतो, छान म्हणतो आणि विचारतो, हे काय पाहत आहेत? मी सांगतो. माझं सांगणं लांबतं, पाय हलत असतो, ऐकणारा मान डोलावतो.

बाईला त्याची कॉपी द्यायला गेलो होतो तेव्हा ती अंगणात बसली होती. तिने फोटो मांडीवर ठेवला, पदराने हात पुसले. मी म्हणालो, बाई, पिल्लू काही आलं नाही यात.

तिने वाकून पाहिलं. मग दोन्ही माना जिथे मिळत होत्या तिथे, धानाच्या एका बुडख्यापाशी, बोट ठेवलं.

"इथं हाय," ती म्हणाली.